विद्यापीठ ग्रंथालयातल्या जुन्या छायाचित्रांचं डिजिटायझेशन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छायाचित्र संग्रहाचं काम सुरू झाल्यापासून विद्यार्थी, माजी विद्यार्थी, संशोधक आणि फोटो देऊ इच्छिणारी कुटुंबं आम्हाला बरेच प्रश्न विचारतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे थोडक्यात सांगून भागत नाही.

संग्रहात नेमकं काय असतं?

पदवीदान समारंभ, अर्धवट बांधलेल्या इमारती, प्रयोगशाळा, वसतिगृहं, खेळांचे संघ, नाटकं, पाहुण्यांची व्याख्यानं, क्षेत्रकार्याचे दौरे आणि विभागांनी शिकवण्यासाठी करून घेतलेल्या स्लाइड. विषय जितके, तितकीच माध्यमंही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले अल्ब्युमिन प्रिंट, काचेच्या निगेटिव्ह, नायट्रेट आणि अ‍ॅसिटेट फिल्म, जिलेटिन सिल्व्हर प्रिंट, निळे सायनोटाइप, रंगीत प्रिंट आणि पारदर्शिका.

माध्यमाला इतकं महत्त्व देतो, कारण प्रत्येकाचं म्हातारपण वेगळं असतं. अल्ब्युमिन पिवळं पडतं. जिलेटिन सिल्व्हर प्रिंटच्या गडद भागांवर, विशेषतः कडांना, निळसर चंदेरी झळाळी येते. बऱ्याच रंगीत फोटोंचे रंग बंद खोक्यातल्या अंधारातही उडत राहतात. सायनोटाइपला तर अल्कधर्मी कागदही सोसत नाही; इतर कागदपत्रांसाठी जो चांगला म्हणून आपण मागवतो, तोच. त्यामुळे स्कॅनर सुरू करण्याआधी हातातली वस्तू कशाची बनली आहे, हे ओळखावं लागतं.

स्कॅन झाल्यावर मूळ फोटो काढून टाकणार का?

नाही. कधीच नाही.

डिजिटल प्रतीमुळे मूळ फोटो वारंवार हाताळावा लागत नाही, हा तिचा मोठा फायदा. पण कागदाची जाडी, स्टुडिओचा उठावदार ठसा, पुठ्ठ्याची छपाई, पेन्सिलचा दाब, चिकटवल्याच्या खुणा हे सगळं पुरावा म्हणून उपयोगी पडतं आणि ते फाइलमध्ये पूर्ण उतरत नाही. शिवाय शंभर वर्षांपूर्वीची काचेची निगेटिव्ह खिडकीसमोर धरली की आजही दिसते. तीस वर्षांपूर्वीची फ्लॉपी वाचायला आधी तिचा ड्राइव्ह शोधावा लागतो.

मोबाइलने फोटो काढले तर काम लवकर संपेल. तसं का करत नाही?

नुसती ओळख पटवायला किंवा काय काय आहे याची यादी करायला मोबाइल चालतो, आणि आम्हीही त्यासाठी वापरतो. जतनासाठी चालत नाही. प्रकाश सगळीकडे सारखा पडत नाही, लेन्समुळे कडा वाकतात आणि मोबाइलमधलं सॉफ्टवेअर न विचारता चित्र गुळगुळीत किंवा धारदार करतं. जुन्या फोटोतला दाणेदारपणा हा त्या फोटोचा भाग आहे. मोबाइल तो दोष समजून पुसतो.

मग कोणत्या दर्जाने स्कॅन करता?

अमेरिकेतल्या सरकारी संस्थांची फॅडगी मार्गदर्शक तत्त्वं, नेदरलँड्सची मेटामॉर्फोज आणि आयएसओ १९२६४ हे मानक, या तिन्हींचा गाभा एकच आहे: प्रत मोजून तपासा. म्हणून कामाच्या आधी, आणि दिवा किंवा कॅमेऱ्याची जागा बदलली की पुन्हा, रंगपट्टी आणि करडी पट्टी स्कॅन करून त्यांची मोजमापं ठरलेल्या मर्यादेत येतात का ते बघतो. मर्यादेबाहेर गेली तर त्या सत्रातलं काम परत करतो.

आकडे साधारण असे. ८ बाय १० इंचाचा प्रिंट ६०० पीपीआयने, म्हणजे इंचामागे ६०० पिक्सेलने, घेतला तर चित्र ४,८०० बाय ६,००० पिक्सेलचं, म्हणजे २ कोटी ८८ लाख पिक्सेलचं होतं. प्रत्येक रंगासाठी १६ बिट ठेवले तर एकच फाइल सुमारे १७३ एमबीची होते. असे दहा हजार प्रिंट म्हणजे सुमारे १.७ टीबी, आणि तीन प्रती ठेवायच्या तर ५ टीबीहून जास्त. ३५ मिलिमीटरची निगेटिव्ह लहान असल्यामुळे तिला बरंच जास्त रिझोल्यूशन लागतं. ४,००० पीपीआयला तिचे साधारण २ कोटी १० लाख पिक्सेल होतात.

याहून पुढे रिझोल्यूशन वाढवत नेण्यात अर्थ नसतो. मूळ लेन्सने जे टिपलंच नाही, ते स्कॅनर कुठून आणणार? त्या जागेचा आणि वेळेचा उपयोग आणखी चार फोटोंची नोंद करायला व्हावा, असं आमचं मत आहे.

टिफ की जेपेग?

जतनाची मास्टर फाइल टिफमध्ये, दाबून लहान न करता. वेबसाइटवर दिसते ती जेपेग, आणि ती मास्टरवरूनच तयार होते. मास्टरला हात लावत नाही: ती सरळ करणं नाही, कातरणं नाही, डाग पुसणं नाही.

कोणते फोटो आधी घेता? प्रसिद्ध व्यक्तींचे का नाहीत?

दोन कसोट्या आहेत: काय लवकर नष्ट होणार आहे आणि काय लोक जास्त मागतात. दोन्हींत ओढाताण झाली की पहिली जिंकते.

सगळ्यात जास्त घाई फिल्मच्या निगेटिव्हची असते. अ‍ॅसिटेट फिल्म खराब होऊ लागली की खोकं उघडताच व्हिनेगरचा वास येतो, कारण तिच्यातून अ‍ॅसेटिक आम्ल बाहेर पडत असतं. ते आम्लच पुढची झीज आणखी वाढवतं आणि शेजारच्या चांगल्या फिल्मनाही लागतं. फिल्मचा पाया आकसतो, वरचा जिलेटिनचा थर तितका आकसत नाही, म्हणून तो पन्हाळीसारखा उचलला जातो. तिथपर्यंत गोष्ट गेली की साधं स्कॅनिंग शक्यच राहत नाही. खोलीच्या तापमानाला, म्हणजे सुमारे २१ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रतेला, नवी अ‍ॅसिटेट फिल्म साधारण ४०–५० वर्षांत या वाटेला लागते. तापमान उतरवलं की ही मुदत कित्येक पटींनी वाढते, म्हणून स्कॅनिंगच्या रांगेत असलेल्या फिल्मना आधी थंड जागा मिळवून देणं जास्त महत्त्वाचं.

वास येण्याच्या आधीच कळावं म्हणून खोक्यात रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्या ठेवतो. निळी पट्टी हिरवी, मग पिवळी होत जाते. पिवळी झालेली खोकी रांगेत पुढे येतात, मग आत मान्यवर असोत की क्रिकेटच्या सामन्याचे प्रेक्षक.

नायट्रेट फिल्म खरोखर धोकादायक असते का?

हो. सेल्युलोज नायट्रेट जळताना स्वतःच ऑक्सिजन पुरवतं, त्यामुळे एकदा पेटलं की पाण्यानेही विझत नाही. जुनी, खराब झालेली फिल्म उन्हाळ्याच्या उष्णतेतही पेट घेऊ शकते. कोडॅकने १८८९ मध्ये नायट्रेटची रोल फिल्म बाजारात आणली आणि १९५१ मध्ये नायट्रेटचं उत्पादन पूर्ण थांबवलं. त्यामुळे १९५१ च्या आधीची कुठलीही फिल्म तपासल्याशिवाय सुरक्षित धरत नाही.

कडेला ‘सेफ्टी’ असं छापलेलं असेल तर ती बहुतेक अ‍ॅसिटेट असते. काहीच छापलेलं नसेल तर त्यावरून निष्कर्ष काढत नाही. फिल्म पिवळट, चिकट किंवा तपकिरी भुकटीसारखी झाली असेल, तर ती वेगळी करून अग्निसुरक्षेच्या नियमांनुसार पुढची व्यवस्था होते. तुमच्या घरात अशी फिल्म सापडली तर ती जाळून ‘तपासू’ नका, हवाबंद डब्यात कोंडू नका आणि टपालाने तर अजिबात पाठवू नका. आधी आम्हाला कळवा.

काचेच्या निगेटिव्ह कशा हाताळता?

काचेवरच्या निगेटिव्हचा जमाना मोठा आहे: १८५१ मध्ये ओल्या कोलोडियनची पद्धत आली, १८७१ मध्ये जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची कल्पना मांडली गेली आणि विसाव्या शतकातही कित्येक वर्षं छायाचित्रकार काच वापरत राहिले. प्रत्येक काच चार पाकळ्यांच्या कागदी लिफाफ्यात, लांब कडेवर उभी ठेवतात. आडव्या रचल्या तर खालच्या काचा वरच्या वजनाने तडकतात. हातात नायट्रिलचे मोजे असतात. सुती मोजे काचेवरून निसटतात आणि त्यांचे धागे सुटलेल्या थरात अडकतात.

चमकदार बाजू काचेची, मंद बाजू चित्राच्या थराची. थर दबू नये म्हणून काच मंद बाजू वर ठेवून प्रकाशपेटीवर मांडतो आणि वरून कॅमेऱ्याने टिपतो. पण या बाजूने बघितलं की चित्र उलटं, म्हणजे डावं-उजवं बदललेलं दिसतं. ते पुढे फाइलमध्ये फिरवावं लागतं. फिरवल्यावर बरोबर झालं का, हे फलकावरची अक्षरं सांगतात. अक्षरं नसतील तर कोटाची बटणं, खिशाची बाजू, आजही उभ्या असलेल्या इमारतीचा जिना. ही तपासणी किरकोळ वाटते, पण समूहछायाचित्र उलटं छापलं गेलं तर खालच्या ‘डावीकडून’ यादीतलं प्रत्येक नाव चुकीच्या माणसाला चिकटतं.

एकाच काचेची दोन चित्रं घेतो, एक खालच्या प्रकाशात आणि एक वरच्या. खालच्या प्रकाशात निगेटिव्ह दिसते. वरच्या प्रकाशात छायाचित्रकाराचा हात दिसतो. चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांवर शिसपेन्सिलने बारीक रेघा भरलेल्या असतात, इमारतीच्या कडेने लाल अपारदर्शक रंग लावून मागचं आकाश कोरं केलेलं असतं, कोपऱ्यात थर खरवडून लिहिलेला क्रमांक असतो. छापील फोटोत प्राचार्यांचा चेहरा तुकतुकीत का, किंवा सभागृहामागची झोपडी कुठे गेली, याचं उत्तर त्या लाल रंगाखाली असू शकतं. म्हणून काचेची कड पूर्ण दिसेल असंच चित्र घेतो. छान दिसावं म्हणून कडा कातरलेल्या प्रती पाहिल्या की वाईट वाटतं. क्रमांक गेला की ती काच कोणत्या मालिकेतली, कोणत्या दिवसाची, हे शोधण्याचा धागाच तुटतो.

फोटोची मागची कोरी बाजू स्कॅन करून काय मिळतं?

खरंच कोरी असेल तर फारसं काही नाही, पण कोरी फार कमी वेळा असते. शिक्का, पेन्सिलने लिहिलेलं नाव, अल्बममधून काढताना निघालेला काळ्या कागदाचा तुकडा, छपाईसाठी पाठवल्याच्या मापांच्या खुणा. ज्या लिफाफ्यात, ज्या खोक्यात आणि ज्या क्रमाने फोटो आले, तोही टिपून ठेवतो. एका लिफाफ्यावर समारंभाचं नाव आहे आणि आतल्या फोटोंवर काहीच नाही, असं सर्रास असतं. लिफाफा टाकून दिला की ते सगळे फोटो एका क्षणात अनाम होतात.

स्कॅनिंगला काही मिनिटं लागतात, मग फोटो ऑनलाइन यायला महिने का?

स्कॅनिंग हा या कामाचा लहान भाग आहे. मोठा भाग नोंदीचा. चित्र कितीही सुंदर टिपलं, तरी त्यात कोण आहे, कुठे आहे, केव्हाचं आहे हे लिहिलेलं नसेल तर ते कोणालाच सापडणार नाही. निधी मागताना आम्ही यंत्रापेक्षा नोंद करणाऱ्या माणसांसाठी जास्त भांडतो, ते म्हणूनच.

नोंदीचा सांगाडा डब्लिन कोअरचा आहे. १९९५ मध्ये सुरू झालेल्या या पद्धतीत पंधरा मूळ रकाने आहेत: शीर्षक, निर्माता, विषय, तारीख, हक्क वगैरे. रकाने भरायला सोपे दिसतात. तारखेचंच बघा. मागे काही लिहिलेलं नसेल तर कागदाचा प्रकार, पुठ्ठ्यावरचा स्टुडिओचा पत्ता, मागच्या इमारतीचा न बांधलेला मजला, कपड्यांची तऱ्हा यांवरून कालावधी ठरवावा लागतो. नोंदीत मग ‘अंदाजे १९२०–१९२५’ असं आणि ते कशावरून ठरवलं असं दोन्ही येतं. नेमकं वर्ष माहीत नसताना एखादं वर्ष ठोकून देणं सगळ्यात घातक, कारण पुढचा संशोधक त्यावरच इमला रचतो.

समूहछायाचित्रातल्या काहींचीच नावं का दिलेली असतात?

हा आमच्या सगळ्यात जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. विभागाचा जुना फोटो समोर आणा. खुर्च्यांवर बसलेल्यांची नावं पुठ्ठ्यावर छापलेली, उपाध्यांसकट. मागच्या रांगेत उभ्या असलेल्यांची आडनावं तेवढी. जमिनीवर बसलेल्या विद्यार्थ्यांची क्वचित. आणि अगदी कडेला, दाराच्या चौकटीला टेकून उभा असलेला प्रयोगशाळा परिचर, शिपाई किंवा माळी. त्याच्या नावाला पुठ्ठ्यावर जागाच नाही.

म्हणून आम्ही आधी डोकी मोजतो, मग नावं मोजतो. फरक आला की उरलेली माणसं नोंदीत ‘ओळख पटायची आहे’ अशी, जागेसकट लिहितो. मग शोध सुरू होतो तो वार्षिक अंकांत, अहवालांत आणि सगळ्यात जास्त हजेरीपटांत आणि पगाराच्या नोंदवह्यांत. ज्यांची नावं फोटोखाली नव्हती, ती पगाराच्या वहीत बहुतेक वेळा असतात. सहीऐवजी अंगठा असला तरी शेजारी नाव लिहिलेलं असतं. तेवढ्यावरून कोणत्या चेहऱ्याला कोणतं नाव हे सिद्ध होत नाही, पण त्या वर्षी त्या विभागात कोण होतं हे कळतं, आणि कुटुंबीयांना विचारायला काहीतरी हातात येतं.

जुन्या मथळ्यात अपमानास्पद शब्द असले तर?

मूळ मथळा जसाच्या तसा, अवतरणात आणि वेगळ्या रकान्यात राहतो. आमचं वर्णन आजच्या, त्या लोकांना मान्य असलेल्या शब्दांत असतं. मूळ शब्द पुसला तर त्या काळाने लोकांकडे कसं पाहिलं याचा पुरावाच जातो. तोच शीर्षक म्हणून ठेवला तर अपमान आम्ही पुन्हा करतो.

तुम्ही फोटोंमध्ये रंग का भरत नाही? आता तर संगणक आपोआप भरतो.

कारण तो अंदाजाने भरतो, आणि जुन्या प्लेटच्या बाबतीत अंदाज हमखास चुकतो. सुरुवातीच्या प्लेटना निळा प्रकाश जास्त आणि लाल जवळपास दिसतच नसे. सगळे रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेट १९०६ मध्ये विक्रीला आल्या, आणि सर्वत्र पोचायला त्यांना आणखी वेळ लागला. त्याआधीच्या फोटोत निळं आकाश पांढरं फटक येतं आणि लाल वस्त्र काळं. काळं दिसणारं ते वस्त्र संगणक तपकिरी करेल की काळं ठेवेल, काहीही केलं तरी ते खरं नाही. आणि एकदा रंगीत प्रत पसरली की लोक तिलाच मूळ समजतात. तुमच्या घरच्या आनंदासाठी प्रत रंगवली तर हरकत नाही. फक्त ‘रंग नंतर भरले आहेत’ असं प्रतीवरच लिहा.

चेहरे ओळखणारं सॉफ्टवेअर वापरता का?

नाही. चेहऱ्यांची मोजमापं काढून साठवायची परवानगी त्या माणसांनी दिलेली नाही, आणि सॉफ्टवेअरने खात्रीने सांगितलेलं चुकीचं नाव दुरुस्त करणं कठीण असतं.

फोटो जुने आहेत, म्हणजे कॉपीराइट संपलाच ना?

तसं गृहीत धरता येत नाही. कॉपीराइटची मुदत देशागणिक वेगळी असते: कुठे छायाचित्रकाराच्या मृत्यूपासून, कुठे प्रसिद्धीपासून मोजतात. कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात छायाचित्रांसाठी किमान मुदत फोटो काढल्यापासून २५ वर्षं एवढीच होती. वायपो, म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या, १९९६ च्या करारात सामील देशांना ती सवलत उरली नाही. शिवाय प्रिंट ग्रंथालयाच्या मालकीचा असला म्हणजे त्याचा कॉपीराइट ग्रंथालयाचा होत नाही, हे देणगीदारांनाही पुष्कळदा सांगावं लागतं.

प्रत्येक नोंदीवर हक्कांची स्थिती लिहिलेली असते. त्यासाठी राइट्सस्टेटमेंट्स डॉट ऑर्गची बारा ठराविक विधानं वापरतो. जिथे शोधूनही हक्कधारक सापडला नाही, तिथे तसंच लिहितो.

काही फोटो यादीत आहेत, पण उघडत नाहीत. का?

रुग्णांचे, लहान मुलांचे, मृतदेहांचे फोटो, आणि एखाद्या समाजाने पवित्र किंवा खाजगी मानलेल्या विधींचे फोटो आम्ही थेट खुले करत नाही. वैद्यकशास्त्र आणि मानवशास्त्र विभागांच्या जुन्या संग्रहात असे फोटो असतात, आणि ते काढताना समोरच्याला नकार देता येत होता का, याची बऱ्याचदा शंका असते. नोंद दिसते, म्हणजे फोटो आहे हे लपवलेलं नसतं. अभ्यासासाठी पाहायचे असतील तर ग्रंथालयात येऊन, कारण सांगून पाहता येतात. संबंधित कुटुंबाची किंवा समाजाची विनंती आली तर खुला फोटोही मागे घेतो.

फाइल्स किती वर्षं टिकतील?

सांभाळल्या तर टिकतील. प्रत्येक मास्टरच्या तीन प्रती, किमान दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ ठसा, म्हणजे तिच्यातल्या मजकुरावरून गणिताने काढलेली खूण, काढलेला असतो. ठराविक काळाने तो पुन्हा काढून जुळवतो. एक बिट जरी बदललं तरी ठसा बदलतो आणि चांगल्या प्रतीवरून फाइल पूर्ववत करता येते. स्कॅनिंगसाठी एकरकमी अनुदान मिळतं, पण हे जुळवणं आणि दर काही वर्षांनी नव्या डिस्क व टेपवर हलवणं कायमचं असतं. हा खर्च ग्रंथालयाच्या नेहमीच्या अंदाजपत्रकात हवा.

छापण्यासाठी मोठी प्रत मिळेल का?

हक्कांची अडचण नसेल तर मिळेल. नोंद क्रमांक कळवा, आणि छापताना तो क्रमांक आणि ग्रंथालयाचं नाव द्या. पुढच्या वाचकाला मूळ फोटोपर्यंत पोचायचा तोच रस्ता असतो.

फोटोतली व्यक्ती माझ्या ओळखीची आहे. कसं सांगू?

नोंद क्रमांक, रांग, डावीकडून कितवी व्यक्ती, नाव आणि तुम्हाला हे कसं माहीत, एवढं लिहा. ‘घरात हाच फोटो आहे’, ‘चेहऱ्यावरून वाटतं’, ‘आईने सांगितलं होतं’, तिन्ही चालतात. नोंदीत ते तसंच येतं. दोन घरांनी एकाच चेहऱ्याला दोन नावं दिली तर दोन्ही ठेवतो.

घरातला जुना अल्बम द्यायचा आहे. आधी काय करू?

शक्य तितकं कमी. फोटो चिकटलेले असतील तर ओढून काढू नका, पानासकट आणा. लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका, ओल्या कापडाने पुसू नका. बॉलपेनने मागे काही लिहू नका; दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई पसरते. नावं वेगळ्या कागदावर, पानाच्या क्रमाने लिहा, आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला शेजारी बसवून, जमल्यास त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून. अल्बम कायमचा द्यायचा नसेल तर स्कॅन करून परत देतो. कोणते फोटो खुले करायचे नाहीत, ते त्याच कागदावर लिहून आणा.